हिवाळ्यात आरव्ही, कॅम्पग्राउंडची मेंबरशिप आणि २१ दिवसांचं गणित: नागपूरहून अमेरिकेला जाणाऱ्या आईबाबांसाठी

दिवाळी आटोपली की धरमपेठ, प्रतापनगर, मनीषनगरातली बरीच घरं तीन-चार महिने कुलूपबंद असतात. मुलगी शिकागोजवळ, मुलगा डॅलसला आणि आईबाबा त्यांच्याकडे. पण जानेवारीतलं शिकागो म्हणजे दिवसभर खिडकीशी बसून बर्फ बघणं. म्हणून हल्ली बरेच जण मुलांसोबत किंवा दोघंच, आरव्ही घेऊन ॲरिझोना, दक्षिण टेक्सास, फ्लोरिडाकडे उतरायचा बेत करतात. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर: बिछाना, ओटा, संडास-बाथरूम सगळं आत. अमेरिकेतली आणि कॅनडातली निवृत्त मंडळी दरवर्षी असंच करतात. त्यांना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणतात आणि टेक्सासच्या दक्षिण टोकाला ‘विंटर टेक्सन’.

गाडी उभी करायला जागा लागते, ती कॅम्पग्राउंडमध्ये. रोजच्या भाड्याने ती महाग पडते, म्हणून मेंबरशिप. आणि पैसे वाया जातात ते इथेच. लोक मेंबरशिपला हॉटेलच्या पॅकेजसारखं समजतात. तुम्ही विकत घेता ती जागा नसते. ठरावीक दिवस आधी, ठरावीक रात्रींसाठी जागा मागायचा हक्क तेवढा घेता. तो कॅलेंडरवर बसतो की नाही हे आधी पाहायचं आणि पैसे नंतर भरायचे.

उबदार म्हणजे किती उबदार

नागपूरकराने हे पहिल्यांदा समजून घ्यावं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८-२९ अंश आणि पहाटे १२-१३ अंश असतं, आणि तरीही आपण मफलर काढतो. फिनिक्समध्ये जानेवारीची दुपार १९-२० अंशांची, पहाट ७-८ ची. वाळवंट असल्याने सूर्य कलला की पारा धाडकन खाली येतो. म्हणजे अमेरिकन माणूस अर्ध्या चड्डीत फिरतो ती ‘उबदार’ जागा तुम्हाला गोरेवाड्याच्या पहाटेपेक्षा गार लागणार.

ॲरिझोना म्हटलं की सगळं गरम, हाही गैरसमज. कॉटनवुडजवळचं व्हर्डी व्हॅली हे कॅम्पग्राउंड मेंबरशिपच्या यादीत दिसतं आणि फोटोही छान असतात. पण ते तीन हजार फुटांहून जास्त उंचीवर आहे, जानेवारीत रात्री पाणी गोठतं. त्याच राज्यातलं यूमा अगदी सखल भागात आहे, तिथे दुपारी २०-२१ अंश मिळतात. जागा निवडताना राज्याचं नाव बघू नका, उंची बघा. दोन हजार फुटांच्या वर असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी टाळा.

नागपूरच्या हिवाळ्याशी सगळ्यात जवळ येतो तो दक्षिण फ्लोरिडा: दुपारी २४-२५, रात्री १५ च्या आसपास. त्याखालोखाल टेक्सासमधलं रिओ ग्रँड खोरं, म्हणजे मॅकॲलन, मिशन, हार्लिंजन हा भाग. तिथे मधूनच उत्तरेचा वारा येतो आणि दोन दिवस सगळं गारठतं, मग परत ऊन. गुडघे दुखणाऱ्यांनी फ्लोरिडा धरावं. सर्दी-दम्याचा त्रास असेल तर ॲरिझोनाची कोरडी हवा बऱ्याच जणांना मानवते, पण ओठ, टाचा फुटतात. खोबरेल तेल न्या.

कुठली मेंबरशिप कशासाठी

बाजारात ढोबळमानाने तीन जाती आहेत, आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिली सवलतीची. पासपोर्ट अमेरिका ही त्यातली जुनी. वर्षाला पन्नास डॉलरच्या आसपास भरले की यादीतल्या कॅम्पग्राउंडमध्ये रात्रीचं भाडं निम्मं. दोन रात्रींत पैसे वसूल. अडचण अशी की प्रत्येक कॅम्पग्राउंड आपले अपवाद स्वतः ठरवतं: कुणी फक्त सोमवार ते गुरुवार देतं, कुणी दोनच रात्री, आणि फ्लोरिडा-ॲरिझोनातले पुष्कळजण नेमके जानेवारी ते मार्च बंद ठेवतात. नाव यादीत आहे म्हणून खूश होऊ नका, त्या नावाखालची बारीक अक्षरं वाचा आणि वर फोन करून विचारा. केओए ही १९६२ साली मोंटानातल्या बिलिंग्जला सुरू झालेली साखळी आहे. तिच्या कार्डावर दहा टक्के सुटतात. स्वच्छ संडास आणि खात्रीची वीज हवी असेल तर एखाद-दुसऱ्या रात्रीला बरी.

दुसरी मुक्कामाची. थाउजंड ट्रेल्सचा वार्षिक कॅम्पिंग पास हे तिचं ठळक उदाहरण. देशाचे विभाग पाडलेले आहेत, तुम्ही एका विभागाचा पास घेता. यादीतली किंमत सातशे डॉलरच्या वर, पण वर्षात अनेकदा सवलत निघते. मग त्या विभागातल्या कॅम्पग्राउंडमध्ये रात्रीचं भाडं नाही. फ्लोरिडात ऑरलँडोजवळ क्लेरमाँटला, कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जकडे, टेक्सासात सॅन अँटोनिओजवळ मेडिना लेकला यांच्या जागा आहेत. उन्हाळ्यात रिकाम्या असलेल्या याच जागांवर हिवाळ्यात उड्या पडतात.

तिसरी एका रात्रीची. हार्वेस्ट होस्ट्समध्ये शेतकरी, वायनरीवाले तुम्हाला अंगणात एक रात्र गाडी उभी करू देतात. भाडं नाही, पण त्यांच्याकडून काहीतरी विकत घेणं हा शिष्टाचार. वीज-पाण्याची जोडणी सहसा नसते आणि गाडीत स्वतःचा संडास व ओटा असायलाच हवा. वाटेतल्या रात्री काढायला हे उत्तम, मुक्कामाला नाही.

मेंबरशिपच्या बाहेरचा एक पर्याय मात्र प्रत्येकाला ठाऊक असावा. ॲरिझोना-कॅलिफोर्नियाच्या सीमेवरच्या वाळवंटात सरकारच्या जमीन खात्याच्या, म्हणजे बीएलएमच्या, लांब मुक्कामाच्या जागा आहेत. क्वार्ट्झसाइटजवळची ला पोसा सगळ्यांत प्रसिद्ध. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या पूर्ण मोसमाला १८० डॉलर आणि १४ दिवसांना ४० डॉलर असा दर वर्षानुवर्षं चालत आला आहे. ला पोसाला पाणी भरायची, घाण पाणी टाकायची आणि कचऱ्याची सोय आहे, पण साइटवर, म्हणजे गाडी उभी करायच्या जागेवर, वीज नाही, नळ नाही. सोलर पॅनल नसेल तर तिथे एका आठवड्याच्या वर राहू नये.

२१ दिवसांचं गणित

मुक्कामाच्या पासचा मुख्य नियम असा: एका जागी जास्तीत जास्त १४ रात्री. चार रात्रींपेक्षा जास्त राहिलात तर त्यानंतर ७ रात्री त्यांच्या सगळ्याच जागांबाहेर काढायच्या. चार किंवा कमी राहिलात तर लगेच दुसऱ्या जागी जाता येतं. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं.

आता कागद घ्या. १ डिसेंबर ते २८ फेब्रुवारी म्हणजे ९० रात्री. १४ आत आणि ७ बाहेर असं २१ दिवसांचं एक चक्र. चार चक्रं म्हणजे ८४ दिवस, वर ६. आत राहायच्या रात्री ६२, बाहेरच्या २८. साडेसातशेचा पास धरला तर आतली रात्र १२ डॉलरला पडली. स्वस्त आहे. पण बाहेरच्या २८ रात्रींचं काय, हे विकणारा सांगत नाही. त्या ४० डॉलरने काढल्या तर ११२० डॉलर, म्हणजे पासपेक्षा जास्त. म्हणून बाहेरच्या सात रात्री आधी ठरवायच्या. ॲरिझोनात असाल तर ला पोसाचे चौदा दिवसांचे ४० डॉलर, टेक्सासात असाल तर मुलाच्या घरासमोर, अर्थात त्यांच्या सोसायटीने गाडी उभी करू दिली तर. बऱ्याच सोसायट्या एका रात्रीवर देत नाहीत.

तुलनेसाठी तिसरा आकडाही मांडून ठेवा: एकाच पार्कमध्ये महिन्याच्या भाड्याने राहणं. रिओ ग्रँड खोऱ्यात आणि यूमाला महिन्याचे दर रोजच्या दराच्या मानाने खूपच उतरतात, मात्र वीज मीटरप्रमाणे वेगळी भरावी लागते. दर चौदा दिवसांनी बस्तान हलवायची हौस नसेल तर साठीच्या पुढच्या जोडप्याला महिन्याचं भाडं हाच शहाणा मार्ग आहे, आणि त्यासाठी मेंबरशिप लागतच नाही.

भाड्याच्या आरव्हीचं तर वेगळंच. मोसमात मध्यम आकाराची गाडी दिवसाला सव्वाशे डॉलरला धरली तरी ९० दिवसांचे ११ हजार होतात. काही कंपन्या मैलामागे आणि जनरेटरच्या तासामागे वेगळे लावतात. पेट्रोल साडेतीन-चार किलोमीटरला लिटर. यात रात्रीचे तीस डॉलर वाचवायला मेंबरशिप घेणं म्हणजे चारशेची साडी जुळवायला चार हजारांचा शालू घेण्यासारखं. भाड्याची गाडी असेल तर तीन आठवड्यांची सहल करा आणि पन्नास डॉलरचं सवलत-कार्ड घ्या, बस. मुक्कामाचा पास त्यांनीच घ्यावा ज्यांच्या मुलांची स्वतःची गाडी किंवा ट्रेलर आहे आणि वर्षातून किमान ३० रात्री नक्की काढणार आहेत.

बुकिंगच्या तारखा उलट मोजा. १५ जानेवारीला आत शिरायचं असेल तर ६० दिवसांची खिडकी १६ नोव्हेंबरला उघडते. जानेवारी-फेब्रुवारीच्या जागा पहिल्या काही दिवसांतच जातात, म्हणून त्या दिवशी कोण कॉम्प्युटरसमोर बसणार हे ठरवून टाका. फ्लोरिडाच्या सरकारी स्टेट पार्कांचं गणित तर आणखी लांबचं: १ जानेवारी २०२४ पासून त्या राज्याचे रहिवासी ११ महिने आधी आणि बाकी सगळे १० महिने आधी बुक करू शकतात. पहाटे नव्हे, तिकडच्या सकाळी आठला. १५ जानेवारीसाठी बाहेरच्या माणसाची संधी १५ मार्चला येते, आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेपाचला. होळीच्या सुमारास पुढच्या संक्रांतीचं बुकिंग! लेक-जावई फ्लोरिडात राहत असतील तर त्यांच्या नावाने महिनाभर आधीच घ्या.

रविवारी किंवा सोमवारी दुपारी पोचायचं ठेवा. मेंबरशिपच्या पुष्कळ जागांत साइटचा नंबर आधी मिळत नाही, आत गेल्यावर रिकामी दिसेल ती धरायची. शनिवार-रविवारची गर्दी रविवारी अकरा-बारापर्यंत ओसरते, आणि सीवरची, म्हणजे सांडपाण्याच्या गटाराची, जोडणी असलेल्या चांगल्या साइट तेव्हाच सुटतात. जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये सगळ्याच साइटला सीवर नसतं, हे लक्षात असू द्या.

नाव कुणाचं

मेंबरशिप मुलाच्या नावावर आणि गाडीत आईबाबा दोघंच: इथे गेटवर अडकतात. बहुतेक मेंबरशिप सदस्य, त्याचा जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं इतक्यांपुरत्या असतात. इतर सगळे पाहुणे, आणि पाहुण्यांसोबत सदस्य हजर लागतो. जो प्रत्यक्ष राहणार त्याच्याच नावावर घ्या आणि पाहुण्यांचा नियम ई-मेलवर लेखी मागवा. फोनवरच्या ‘नो प्रॉब्लेम’ला गेटवर किंमत नसते.

उलट भानगडही होते. ॲरिझोना-फ्लोरिडातले अनेक हिवाळी पार्क ५५ वर्षांवरच्यांसाठीच असतात. आईबाबांना प्रवेश, पण नातवंडं आली की त्यांना मोजक्याच रात्री. काही पार्क दहा वर्षांपेक्षा जुनी गाडीही घेत नाहीत. बुकिंग करताना तीन गोष्टी सांगा: माणसांची वयं, गाडीची लांबी फुटांत, गाडीचं साल.

मग ते फुकट दोन रात्रींचं आमंत्रण येतं. त्याबदल्यात दीड तासाचं प्रेझेंटेशन ऐकायचं. मॉलमध्ये लकी ड्रॉचं कूपन भरून हॉलिडे क्लबच्या तावडीत सापडलेल्या नागपूरकराला सांगायला नको. वार्षिक पास वेगळा आणि हजारो डॉलर एकदम भरून वर दरवर्षी देखभालीचे पैसे मागणारा करार वेगळा. त्या दिवशी सही करायची नाही. ‘आजच घेतलं तरच हा भाव’ म्हणाले तर चहा संपवून उठायचं.

‘रोज काही तास गेटवर बसा, साइट फुकट’ अशीही ऑफर मिळते. अमेरिकन निवृत्त लोक हे आनंदाने करतात. तुम्ही पर्यटक व्हिसावर असाल तर करू नका. पगार नसला तरी फुकट जागा हा मोबदलाच आहे, आणि पर्यटक व्हिसावर काम चालत नाही.

नागपुरातून निघण्याआधी

गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. परिवहनच्या सारथी पोर्टलवर फॉर्म ४-ए, पासपोर्ट आणि चालू लायसन्स. फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. पत्त्याप्रमाणे एमएच-३१, एमएच-४० की एमएच-४९ चं कार्यालय, हे लायसन्सवर पाहून घ्या. मूळ लायसन्स सोबत लागतंच, नुसता आंतरराष्ट्रीय परवाना पुरत नाही. गाडी भाड्याची असो की मुलाची, विम्यावर तुमचं नाव ड्रायव्हर म्हणून चढलं पाहिजे.

मुक्कामाची मुदत व्हिसावरच्या तारखेने ठरत नाही, आय-९४ वरच्या, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या सरकारी नोंदीवरच्या, तारखेने ठरते. उतरल्यावर लगेच ती ऑनलाइन काढून छापून ठेवा. कारण पुढे सांगितलं आहे.

औषधं पूर्ण काळाची आणि डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह. मिक्सर नेऊ नका. तिकडे १२० व्होल्टचा पुरवठा आहे, आपला २३० चा मिक्सर नुसता गुरगुरतो. तिथल्या भारतीय दुकानात ११० व्होल्टचा मिळतो. कुकर मात्र न्या, गॅसवर मजेत चालतो. सावजी मसाला, भिवापुरी तिखट बंद पाकिटात चालतं. ताजी फळं, बियाणं, कढीपत्ता आणि संत्री बॅगेत टाकू नका. लिंबूवर्गीय झाडांच्या रोगामुळे कढीपत्त्यावर तिकडचे लोक फार कडक आहेत.

साइटवर पोचल्यावर

क्रम बदलू नका. आधी गाडी सपाट करायची, चाकांखाली ठोकळे, मग चाकांना अडथळे, मग बाकी सगळं. जुन्या पद्धतीचा गॅसवर चालणारा फ्रिज गाडी तिरकी असली तर थंड होत नाही, आणि तसाच बरेच दिवस चालवला तर कायमचा जातो.

वीज: खांबावरचा ब्रेकर बंद करा, सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या दोषांपासून गाडी वाचवणारं उपकरण) लावा, ब्रेकर चालू करून त्याचे दिवे बघा, ठीक असेल तर परत बंद करून गाडीची केबल लावा. जुन्या कॅम्पग्राउंडात खांबावरची सॉकेट जळालेली, सैल असतात. प्रोटेक्टर लाल दाखवत असेल तर साइट बदला, ‘चालतं’ म्हणून पुढे जाऊ नका.

३० ॲम्पची साइट म्हणजे ३० गुणिले १२०, एकूण ३६०० वॉट. हीटर १५००, मायक्रोवेव्ह १५००, किटली १५००: तीनही लावले की ४५००, आणि ब्रेकर पडला. उन्हाळ्यात कूलर, पाण्याची मोटर आणि इस्त्री एकदम लावून फ्यूज उडवलेल्या माणसाला हे समजावं लागत नाही. सतत चालणारा भार २८०० वॉटच्या आत ठेवा. ५० ॲम्पच्या साइटवर दोन फेज मिळतात, एकूण १२००० वॉट, तिथे चिंता नाही. हीटर भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट लावा, एक्स्टेन्शन वायरवर कधीच नाही.

पाणी: नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर, ४०-५० पीएसआयचा, मग पिण्याच्या पाण्याची पांढरी किंवा निळी नळी. रेग्युलेटर विसरलात आणि पार्कचं प्रेशर शंभरावर असेल तर ओट्याखालचा प्लास्टिकचा सांधा रात्रीतून सुटतो आणि सकाळी चपला तरंगत असतात. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर झोपण्याआधी नळी काढून रिकामी करा आणि गाडीच्या टाकीतलं पाणी वापरा. ओट्याखालची दारं उघडी ठेवा म्हणजे आतली ऊब पाइपपर्यंत जाते.

साइटचा नंबर आणि कॅम्पग्राउंडचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. ९११ ला, म्हणजे तिकडच्या आणीबाणीच्या नंबरला, फोन लावल्यावर पहिला प्रश्न तोच असतो, आणि घाबरलेल्या माणसाला तो सुचत नाही.

टाक्यांचं शास्त्र

पहिल्यांदा आरव्ही वापरणारी भारतीय मंडळी सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच. गाडीखाली तीन टाक्या: चांगलं पाणी, ओटा-बाथरूमचं ग्रे, संडासची ब्लॅक. मध्यम गाडीत ग्रे आणि ब्लॅक प्रत्येकी ३० ते ४० गॅलन, म्हणजे ११० ते १५० लिटर.

सीवरची जोडणी असली तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नाही. उघडा ठेवला की पाणी वाहून जातं आणि घन भाग तळाशी वाळून डोंगर होतो. मग टाकी साफ करायला माणूस बोलवावा लागतो. दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडायची, जोराने सगळं निघून जातं. गंमत अशी की आपली पाण्याने धुवायची सवय इथे फायद्याची आहे, टाकी कोरडी पडत नाही. फक्त ती लवकर भरते: कागद वापरणाऱ्या जोडप्याला आठवडा जातो, आपल्याला चार-पाच दिवस. कॅलेंडरवर तसं लिहा. आणि कागद वापरलात तर आरव्हीचा, पाण्यात लगेच विरघळणारा.

सोडताना: हातमोजे, नळी दोन्ही टोकांना घट्ट, आधी ब्लॅक उघडा. आवाज थांबेपर्यंत थांबा. बंद करा. मग ग्रे उघडा, त्याच्या साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. उलट क्रमाने केलं तर घाण नळीत राहते आणि पुढच्या वेळी ती काढताना हातावर येते. शेवटी ब्लॅकमध्ये बादलीभर पाणी आणि औषधाची पुडी घाला. ही नळी आणि पिण्याच्या पाण्याची नळी एका कप्प्यात ठेवू नका.

ग्रे टाकीचा शत्रू आपला स्वयंपाक. फोडणीचं तेल, वरणाचा साका, भाताची शितं तळाशी बसतात, सेन्सर कायम ‘भरली’ दाखवतो आणि चौथ्या दिवशी वास सुटतो. भांडं धुण्याआधी कागदाने पुसून घ्या, तळणीचं तेल बाटलीत भरून कचऱ्यात. सिंकच्या जाळीवर आणखी एक बारीक जाळी. झणझणीत फोडणीने स्मोक अलार्म वाजणारच. वरचा पंखा आधी लावा, दार उघडा, पण अलार्म काढून ठेवू नका. जमिनीलगतचा गॅसचा अलार्म तर मुळीच नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला की खालीच साचतो.

प्रोपेनचं सिलिंडर २० पाउंडांचं, म्हणजे ९ किलो, आपल्या १४.२ किलोच्या मानाने लहान. गाडी गरम करणारी गॅसची भट्टी ३० हजार बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप) असेल तर एक सिलिंडर सलग १४ तास जळतं. रात्री दहा तासांत निम्मा वेळ चालली तरी तीन दिवसांच्या आत संपतं. म्हणून साइटवर वीज असेल तेव्हा विजेचा हीटर आणि भट्टी फक्त पहाटे. ला पोसासारख्या वीज नसलेल्या जागी भट्टीचा पंखाही बॅटरी खातो: साधी १०० ॲम्प-तासाची बॅटरी निम्मीच वापरायची असते, त्यात भट्टी सहा-सात तास चालते. तिथे दुलईवर भर द्या.

शेजार आणि रस्ता

रात्री दहा ते सकाळी सात-आठ शांतता. पहाटे पाचला उठायची सवय असेल तर उठा, पण स्पीकरवर हरिपाठ नको, इअरफोन घ्या. बऱ्याच पार्कांत दोरी बांधून कपडे वाळवायला मनाई असते, पापड-सांडग्यांना तर विचारूच नका. सांबारवडीचा वास मात्र शेजाऱ्यांना ओढून आणतो, दोन जास्त तळा. ॲरिझोनात पॅकरॅट नावाचा उंदीर बॉनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतो. गाडी आठवडाभर उभी असेल तर रात्री बॉनेट उघडं ठेवा, अंधार नसला की तो येत नाही. फ्लोरिडात लाल मुंग्या आहेत, वारुळावर अनवाणी पाय पडला तर रात्र जाते.

मेक्सिकोच्या सीमेजवळ देशाच्या आतही सीमा पोलिसांच्या चौक्या लागतात: टेक्सासात मॅकॲलनहून वर येताना यूएस-२८१ महामार्गावर फॅलफुरियसला, आय-१० महामार्गावर सिएरा ब्लँकाला, यूमाकडे आय-८ वर. पासपोर्ट आणि छापलेला आय-९४ हाताशी ठेवा, मागच्या कप्प्यातल्या बॅगेत नाही. फोटोकॉपीवर भागवू नका.

ॲरिझोनाहून कॅलिफोर्नियात शिरताना शेतमालाची तपासणी असते. फळं आहेत का, विचारतात. वाटेत घेतलेली संत्री असतील तर सरळ सांगा. घेतात काढून, दंड नाही. लपवली तर आहे. सीमेच्या अलीकडेच बसून संपवलेली बरी. चव आपल्या अंबिया बहाराची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

निघायच्या दिवशी एकजण आत आणि एकजण बाहेर असे दोघांनी फेरी मारा: पायऱ्या आत, अँटेना खाली, छताच्या खिडक्या बंद, केबल सुटलेली, सीवरची नळी काढलेली, फ्रिजचं दार अडकवलेलं. गाडीची उंची फूट-इंचांत लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा, साधारण ११ ते १२ फूट भरते. पेट्रोल पंपाच्या खालच्या छतावर एसी आपटून फुटणं हा सगळ्यात महागडा अपघात आहे.

आणि घरी परतल्यावर, विसरण्याआधी, मेंबरशिपचं ऑटो-रिन्यूअल बघा. बहुतेक पास मुलाच्या क्रेडिट कार्डावरून आपोआप पुन्हा कापले जातात, आणि रद्द करायची सूचना मुदत संपण्याआधी द्यावी लागते. नूतनीकरणाच्या ४५ दिवस आधीची तारीख फोनमध्ये टाका. सूचना ई-मेलने पाठवा, आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.